इनिट पॅच समोर आला की हात थांबतो, त्याबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. व्हायटल (संगणकावरचा सिंथ, म्हणजे आवाज घडवायचं सॉफ्टवेअर वाद्य) हाताशी आहे, प्रीसेट (तयार आवाज) शोधून त्यात थोडे फेरफार करून ट्रॅकपुरतं काम भागतं, व्हिडिओत दाखवतात तसे नॉब फिरवले की तसाच आवाजही येतो, पण कोरा इनिट पॅच (काहीही न लावलेली सुरुवातीची मांडणी) उघडला की तो एकसुरी भणभणाट ऐकून पुढे काय करायचं तेच सुचत नाही. आणि शेवटी तीन पोटप्रश्न: सीरम (असाच दुसरा सिंथ) विकत घेऊ का, फिजिक्स शिकावं लागेल का, आणि मिडी कीबोर्ड लागतोच का.

माझ्या मते तुमची अडचण नॉबची नाहीये. कटऑफ (फिल्टर जिथून आवाज कापायला लागतो ती जागा) काय करतो, एलएफओ (एखादा नॉब आपोआप परत परत वर-खाली हलवणारी संथ लाट) काय करतो हे तुम्हाला माहिती आहे, तुम्हीच लिहिलंय. अडचण अशी आहे की डोक्यात जो आवाज आहे त्याचे तुकडे करता येत नाहीत, त्यामुळे कुठल्या नॉबपासून सुरुवात करायची ते ठरत नाही. व्हिडिओ बघताना तुकडे दुसऱ्याने आधीच केलेले असतात, आपण फक्त आकडे उतरवून घेतो. मग पुढच्या आवाजाला परत कोरी पाटी.

एक आधीच सांगतो, यातलं बरंचसं तुम्हाला काय करायचंय त्यावर आहे. महिन्याला चार ट्रॅक पूर्ण करायचे असतील आणि सिंथ हे फक्त साधन असेल तर प्रीसेट वापरण्यात काहीही कमीपणा नाही, चांगला प्रीसेट निवडून तो गाण्यात बसवणं हे पण कौशल्यच आहे. पण स्वतःचे आवाज करायची खाज असेल, किंवा प्रीसेट नेहमी "जवळपास पण तो नाही" असा वाटत असेल, तर पुढचं वाचा. मी जाहिराती आणि शॉर्ट फिल्म्ससाठी आवाज करतो, अधूनमधून शिकवतो पण, त्यामुळे माझा कल बेस, प्लक (तार छेडल्यासारखा), पॅड (लांब, मऊ), बेल असल्या नेहमी लागणाऱ्या आवाजांकडे आहे. जोरदार डबस्टेपवाल्यांचं गणित थोडं वेगळं असतं, तिथे वेव्हटेबल (बदलत जाणारे लाटांचे आकार) आणि डिस्टॉर्शन फार लवकर येतात.

आता मुद्द्याचं. बहुतेक जण ऑसिलेटरपासून (मूळ लाट तयार करणारा भाग) सुरू करतात कारण तो स्क्रीनवर वर डावीकडे असतो. मी अँप एन्व्हलपपासून (नोटमागे आवाजाची पातळी कशी चढते-उतरते ते ठरवणारा भाग) सुरू करतो, आणि शिकायला येणाऱ्यालाही तेच करायला लावतो. कारण आवाज ओळखताना आपला कान सगळ्यात आधी तो सुरू कसा होतो आणि संपतो कसा हे पकडतो. पियानोच्या सुराची सुरुवात कापून टाका आणि नुसता मधला भाग ऐकवा, कित्येकांना तो पियानो आहे हे पटकन ओळखू येत नाही. म्हणून डोक्यातल्या आवाजाला पहिला प्रश्न हा विचारायचा: की दाबल्यावर तो लगेच येतो की हळूहळू, दाबून ठेवल्यावर टिकतो की विरतो, आणि सोडल्यावर तुटतो की मागे रेंगाळतो. एवढ्याची उत्तरं मिळाली की अटॅक, डीके, सस्टेन, रिलीज हे चारही नॉब जवळपास लागले. हो, आणि यातले तीन वेळ मोजतात आणि सस्टेन मात्र पातळी मोजतो, हे इतक्या जणांच्या डोक्यात गडबडलेलं असतं की परत परत सांगावं लागतं. सस्टेन पूर्ण वर असेल तर डीके कितीही फिरवा काही होणार नाही, कारण खाली यायला जागाच नाही.

दुसरा प्रश्न, आवाज किती उजळ आहे आणि तो उजळपणा वेळेबरोबर बदलतो का. इथे फिल्टर (आवाजाचा काही भाग कापणारा) आणि त्याचा एन्व्हलप. तिसरा प्रश्न, स्थिर झाल्यावर आत काही हलतंय का, थरथरतंय, डुलतंय, फिरतंय. तिथे एलएफओ आणि डीट्यून (दोन ऑसिलेटर किंचित वेगळ्या सुरात लावणं). आणि मग सगळ्यात शेवटी, मूळ कच्चा माल कुठला, पोकळ वाटतो की भरलेला की खरखरीत, म्हणजे ऑसिलेटर. प्रत्यक्षात ऑसिलेटर काहीतरी निवडावाच लागतो, तर सॉ (करवतीच्या दातांसारखी लाट) निवडा आणि पुढे चला, नंतर बदलता येतो.

नुसतं बोलून उपयोग नाही, एक प्लक पूर्ण करून बघू. इनिट पॅच, एक ऑसिलेटर, सॉ वेव्ह, सगळे इफेक्ट बंद. अँप एन्व्हलपला अटॅक १ मिलिसेकंद, डीके साधारण ४००, सस्टेन शून्य, रिलीज पण डीकेच्या आसपासच. रिलीज फार कमी ठेवला तर की पटकन सोडल्यावर आवाज गळा दाबल्यासारखा तुटतो आणि मग लोक म्हणतात प्लक खोटा वाटतो. आता वाजवा. विरतोय, पण अजून प्लक नाही, नुसता भणभणाट आहे जो लहान होत जातो. याचं कारण, छेडलेल्या तारेत नुसता आवाज कमी होत नाही, वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतले सूर) खालच्यांच्या आधी मरतात. सुरुवातीला तार चमकते आणि मग मऊ होत जाते. आपल्या पॅचमध्ये सगळे हार्मोनिक्स एकत्रच मरताहेत.

म्हणून लो-पास फिल्टर (कटऑफच्या वरचं कापणारा) चालू करा, २४ डेसिबलवाला, म्हणजे दर सप्तकाला तेवढं कापणारा, ऑसिलेटर त्यातून जातोय ना ते बघा, आणि कटऑफ खाली आणा, अगदी २०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे आवाज उशी तोंडावर धरल्यासारखा दबला पाहिजे. मग दुसरा एन्व्हलप कटऑफवर लावा: अटॅक शून्य, डीके १५० मिलिसेकंद, सस्टेन शून्य, आणि त्याची मात्रा तीन-चार सप्तकांइतकी, म्हणजे सेमिटोनमध्ये दाखवत असेल तर ३६ ते ४८. वाजवा. आता आला प्लक. यानंतर बाकी कशालाही हात न लावता फक्त हा दुसरा डीके ६० पासून ६०० पर्यंत फिरवत एकच सूर वाजवत राहा. ६० ला "टुक", १५० ला छेडलेली तार, ६०० ला "ट्याँव" असा सिंथ बेस. एका नॉबमध्ये चार-पाच वेगवेगळी वाद्यं निघतात, आणि ही गोष्ट एकदा कानात बसली की प्रीसेट ऐकल्या ऐकल्या कळतं की याचा फिल्टर डीके किती आहे.

आणि इथेच नव्या माणसाचं घोडं पेंड खातं. कटऑफ आधीच पूर्ण उघडा असतो, त्यावर एन्व्हलप लावतात, मात्रा शंभर टक्के करतात, आणि काहीच फरक पडत नाही, मग वाटतं सिंथमध्ये बिघाड आहे किंवा आपल्याला कळत नाहीये. फिल्टर आधीच उघडा आहे तर एन्व्हलप त्याला अजून कुठे उघडणार? आधी कटऑफ खाली, इतका खाली की वाईट वाटलं पाहिजे, मग एन्व्हलपने वर ढकला.

प्लक झाला म्हणून खूश होऊन आता दोन सप्तकं वर जाऊन वाजवा. मंद, मेलेला वाटेल. २०० हर्ट्झवर कटऑफ जागीच उभा आहे आणि तुम्ही ८८० हर्ट्झचा सूर वाजवताय, म्हणजे एन्व्हलप खाली आला की मूळ सूरच फिल्टरच्या दोन सप्तकं वर राहतो आणि २४ डेसिबल प्रति सप्तक या हिशोबाने जवळपास गायब होतो. याला उपाय म्हणजे की ट्रॅकिंग. ते शंभर टक्के केलं की सूर एक सप्तक वर गेला की कटऑफ पण एक सप्तक वर जातो. ट्रॅकिंग वाढवल्यावर कटऑफ परत थोडा जुळवून घ्यावा लागतो. शंभरच हवं असं नाही, खऱ्या वाद्यांमध्ये वरचे सूर तुलनेने साधे असतात, मी बऱ्याचदा ५० ते ७० च्या मध्ये ठेवतो. शेवटचा हात म्हणजे व्हेलॉसिटी (की किती जोरात दाबली ते), ती थोडीशी फिल्टर एन्व्हलपच्या मात्रेवर लावा म्हणजे जोरात दाबलं की आवाज नुसता मोठा न होता उजळ पण होतो. पॅच जिवंत वाटण्यात याचा वाटा रिव्हर्बपेक्षा जास्त असतो.

ऑसिलेटरबद्दल आता. फिजिक्स किती लागतं याचं उत्तर पण यातच आहे, आणि ते म्हणजे फार नाही, हार्मोनिक्सची कल्पना आणि एक सप्तक म्हणजे दुप्पट हर्ट्झ, एवढं पुरतं. सॉमध्ये सगळे हार्मोनिक्स असतात आणि दुसरा अर्धा, तिसरा एक तृतीयांश असे उतरत जातात. स्क्वेअरमध्ये फक्त विषम, म्हणजे पहिला, तिसरा, पाचवा, म्हणून तो पोकळ वाटतो, क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांसारखा. ट्रँगलमध्ये पण विषमच, पण ते फार झपाट्याने उतरतात, तिसरा थेट एक नवमांश, म्हणून मऊ. साइनमध्ये फक्त मूळ सूर. आणि लो-पास फिल्टर फक्त काढून घेतो, रेझोनन्स वाढवला तर कटऑफजवळचं जे आहे ते फुगवतो, नवीन काही देत नाही. साइनवर फिल्टर लावून उजळ आवाज मागणारे लोक मी बघितलेत, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. साइनला उजळ करायचं असेल तर डिस्टॉर्शन लावा किंवा एफएम (एका ऑसिलेटरने दुसऱ्याची फ्रिक्वेन्सी झपाट्याने हलवणं) करा, ते दोन्ही नवीन हार्मोनिक्स तयार करतात.

हलण्याचं बोलायचं तर डीट्यूनमध्ये एक गंमत आहे जी कोणी नीट सांगत नाही. ४४० आणि ४४२ हर्ट्झचे दोन सॉ एकत्र वाजवले की सेकंदाला दोन वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. हा फरक सेंटमध्ये (सेमिटोनचा शंभरावा भाग) साधारण आठ. पण सिंथवर डीट्यून बहुतेक वेळा सेंटमध्येच असतो, त्यामुळे तोच आठ सेंट दोन सप्तकं खाली सेकंदाला अर्धा हेलकावा देतो आणि दोन सप्तकं वर आठ. म्हणजे मधल्या पट्टीत छान रुंद वाटणारा पॅच खाली संथ डुचमळतो आणि वर बेसूर थरथरतो, आणि आपण मध्येच वाजवून सेव्ह केलेला असतो. पॅच नेहमी तीन वेगवेगळ्या सप्तकांत वाजवून बघा. आणि युनिझनचे (एकच सूर किंचित डीट्यून करून अनेक प्रतींत वाजवणं) सात आवाज टाकायचा मोह बेसवर आवरा. १९९६ च्या रोलंड जेपी-८००० ने सात डीट्यून केलेल्या सॉचा सुपरसॉ दिला आणि तेव्हापासून सगळ्यांना सगळं रुंद हवंय, लीडला आणि कॉर्ड्सना ते शोभतं, पण खालच्या सुरांत ते सात आवाज एकमेकांना कापतात आणि एक सूर दणका देतो तर पुढचा पोकळ निघतो. बेसला एक आवाज, आणि फेज (लाट आपल्या फेऱ्यात कुठून सुरू होते ते) प्रत्येक नोटला त्याच जागेपासून सुरू होईल असा ठेवा. पॅडला उलट, फेज रँडम.

व्हायब्रॅटो हवा असेल तर एलएफओ ५ ते ६ हर्ट्झ, खोली थोडीच, आणि सुरुवातीला थोडा डिले, कारण गाणारा माणूससुद्धा सूर लागल्यावर मग हलवतो. एलएफओ आणि एन्व्हलपमध्ये गोंधळ होत असेल तर साधी खूण: ती हालचाल नोटमागे एकदाच होते का? मग एन्व्हलप. परत परत होते? एलएफओ.

आता हे सगळं अंगवळणी कसं पाडायचं. दोन गोष्टी मी करायला लावतो. पहिली, आवडता प्रीसेट घ्या आणि तो उलगडा. आधी सगळे इफेक्ट बंद करा. हे केल्यावर निम्म्याहून जास्त प्रीसेट एकदम बारीक आणि गरीब वाटायला लागतात, आणि तेव्हा कळतं की ज्यावर आपण भुललो तो रिव्हर्ब आणि डिले होता. मग मॉड्युलेशनच्या (कोणता एन्व्हलप किंवा एलएफओ कुठला नॉब हलवतो त्या) एकेक ओळी बंद करत जा, प्रत्येक वेळी तोच सूर वाजवत. जी ओळ बंद केल्यावर आवाज मेला ती त्या प्रीसेटचा जीव. ती एका वाक्यात लिहून ठेवा, उदाहरणार्थ "फिल्टर एन्व्हलप छोटा आणि त्यावर व्हेलॉसिटी". मग प्रीसेट बंद करून इनिटपासून न बघता तोच बनवा. हुबेहूब येणार नाही, येऊ नये पण.

दुसरी, कानाने नक्कल. एखाद्या गाण्यात जिथे सिंथ एकटा वाजतो अशी जागा शोधा, एक सूर लूप करा. आणि आधी सप्तक जुळवा, प्लीज. मी पाहिलंय की लोक तासभर कटऑफशी झगडतात आणि पॅच मुळात एक सप्तक वर असतो. मग वर सांगितलेले प्रश्न त्याच क्रमाने. तुलना करताना दोन्हींची व्हॉल्यूम सारखी ठेवा, कारण जो मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतोच, मग तो चुकीचा का असेना. मूळ आवाज बऱ्याचदा दोन-तीन थर एकावर एक ठेवून केलेला असतो किंवा चक्क सँपल असतो, त्यामुळे ओळखता येईल इतपत जवळ आलं की थांबा आणि पुढचा घ्या. एकाच आवाजावर आठवडा घालवण्यापेक्षा वेगवेगळ्या जातीचे दहा अर्धेमुर्धे आवाज जास्त शिकवतात.

नॉब आपोआप कसेही फिरवणाऱ्या रँडम बटणाबद्दल एवढंच सांगतो, कल्पना सुचायला ठीक आहे, शिकायला शून्य.

सीरमचं. सध्या नको. व्हायटलमध्ये आत्ता आहे तेवढंच तुम्हाला जास्त होतंय, खरं तर काही आठवडे स्वतःला एक किंवा दोन ऑसिलेटर, एक फिल्टर, दोन एन्व्हलप, एक एलएफओ एवढ्यात बांधून घ्या. १९७० चा मिनीमूग बघा, तीन ऑसिलेटर, एक लो-पास फिल्टर, रिलीजला वेगळा नॉबसुद्धा नाही, डीकेचाच नॉब ते काम करतो, आणि वेगळा एलएफओ नाही म्हणून तिसरा ऑसिलेटर हळू चालवून त्या कामाला लावायचा. तेवढ्यावर लोकांनी काय काय बेस आणि लीड करून ठेवलेत. "मला अमुक करायचंय आणि व्हायटलमध्ये ते होत नाही" असं वाक्य तुम्ही ठामपणे म्हणू शकाल तेव्हा दुसरा सिंथ घ्या.

एफएम मात्र लवकर चाखून बघा, कारण तिथे हेच सगळं दुसऱ्या रूपात भेटतं. जॉन चाउनिंग यांना स्टॅनफर्डमध्ये १९६७ मध्ये हे सापडलं, १९७३ मध्ये त्यांनी पेपर छापला, आणि १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स७ आला तो सहा ऑपरेटर (ऑसिलेटर आणि त्याचा एन्व्हलप) आणि ३२ अल्गोरिदम (ते एकमेकांना जोडायच्या मांडण्या) घेऊन. त्याच्या छोट्या पडद्यावर एकेक आकडा बदलत पॅच करायचा इतका कंटाळा होता की बहुतेकांनी त्याचे तयार आवाजच वाजवले, तेव्हा प्रीसेटवाले तुम्ही एकटे नाही. त्याची फुकट नक्कल डेक्स्ड नावाने मिळते. पण सहा ऑपरेटर उघडून बसू नका, दोनच घ्या. मॉड्युलेटरचं (जो दुसऱ्याला हलवतो त्या ऑपरेटरचं) गुणोत्तर १ किंवा २ ठेवा, आवाज सुरेल भरीव येतो. १.४ ठेवा, हार्मोनिक्स एकमेकांशी फटकून वागतात आणि घंटा ऐकू येते. आता मॉड्युलेटरच्या पातळीवर खाली उतरणारा एन्व्हलप लावा, आणि वर प्लकमध्ये फिल्टरने जे केलं तेच होताना दिसेल, आधी चमक आणि मग मऊ. नॉब वेगळे, प्रश्न तोच.

राहिला मिडी कीबोर्ड, म्हणजे संगणकाला जोडायचा पियानोसारखा कीबोर्ड. माउसने नोट्स काढून पण पॅच करता येतो, पण संगणकाच्या कीबोर्डवर वाजवलं तर व्हेलॉसिटी प्रत्येक नोटला सारखीच जाते, त्यामुळे हलका आणि जोराचा स्पर्श यातला फरक तुम्हाला ऐकूच येणार नाही, आणि मग व्हेलॉसिटी लावायचं सुचणारही नाही. छोटा २५ कीजचा, व्हेलॉसिटीवाला, पिच आणि मॉड व्हील असलेला असला तरी पुरे, वापरलेला मिळाला तरी चालेल. तो येईपर्यंत पियानो रोलमध्ये (माउसने नोट्स काढायची जाळी) एक चार नोट्सची क्लिप करून ठेवा, एक नोट खालच्या सप्तकात, दोन मधल्या, एक वरची, प्रत्येकीची व्हेलॉसिटी वेगळी, एक लांब बाकी आखूड, आणि ती लूपवर ठेवून वरचा प्लक बनवायला घ्या.